लेट्यूसच्या पानातला खिमा: पाणी कुठे हवं, कुठे नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: आशियाई धाटणीचे लेट्यूस रॅप घरी केले की खिमा राखाडी पडतो, कढईत पाणी साचतं, पानं हातात फाटतात, सॉस मनगटापर्यंत ओघळतो, आणि एवढं करून चव नुसती खारट-गोड लागते. मांस कोणतं घ्यावं, पान कोणतं, आणि नेमकं चुकतं कुठे?

चवीचं वेगळं पाहू. बाकीच्या सगळ्या तक्रारी पाण्याच्या आहेत. या पदार्थात पानातलं पाणी पानातच राहायला हवं आणि खिम्यातलं, भाज्यांतलं जादा पाणी कढईतच उडून जायला हवं. घरी बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं: खिमा ओला आणि पान मलूल. म्हणून मापं सगळी देतो, पण वेळ जास्त घालवणार आहे तो पाण्यावर.

आधी हा पदार्थ आला कुठून ते सांगतो, कारण सारणात काय असावं हे त्यावरून कळतं. दक्षिण चीनच्या कॅन्टोनी स्वयंपाकात बारीक तोडलेलं मांस मोठ्या आचेवर परतून लेट्यूसच्या पानात वाढायची पद्धत आहे. मेजवानीत हे मांस कबुतराचं असे. सोबत वॉटर चेस्टनट, बांबूचे कोंब, सुके मशरूम. ऑस्ट्रेलियात हाच प्रकार ‘सान चॉय बाओ’ या नावाने रुळला आणि तिथे बहुधा डुकराच्या खिम्याचा करतात. अमेरिकेत सेसिलिया चियांग यांनी १९६१ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘द मँडरिन’ सुरू केलं, त्यांच्याकडे कबुतराच्या खिम्याची पानं मिळत. त्यांचे चिरंजीव फिलिप चियांग यांनी पॉल फ्लेमिंग यांच्यासोबत १९९३ मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल इथे पी. एफ. चँग्ज काढलं, आणि तिथल्या पानात कबुतराच्या जागी चिकन आलं. ‘लेट्यूस रॅप’ म्हणून आज जी कृती सगळीकडे फिरते ती बहुतांशी या चिकनच्या पानांची भावंडं आहेत. मूळ कॅन्टोनी काय किंवा ही अमेरिकन आवृत्ती काय, सारणाला रस्सा कुठेच नसतो. सॉस प्रत्येक कणाला चिकटून चकाकला पाहिजे, ताटलीत उतरता कामा नये.

आता मांस. पहिली निवड चिकनच्या मांडीची. छातीच्या मांसात चरबी फार कमी असते, त्यामुळे मोठ्या आचेवर ते कोरडं आणि चुरचुरीत होतं, मग आपण ते ‘ओलसर’ करायला सॉस वाढवतो आणि तिथून सगळं बिघडत जातं. डुकराचा खिमा या पदार्थाला सगळ्यांत सोपा, कारण त्याला स्वतःची चरबी असते. बीफ किंवा मटण चालतं, पण मग मसाला थोडा तिखटाकडे न्यावा, हॉइसिन या दाट, गोडसर चिनी सॉसचा गोडवा कमी करावा. कोणताही खिमा घेतलात तरी पंधरा ते वीस टक्के चरबीचा घ्या. अगदी बिनचरबीचा खिमा आणून वर तेल ओतण्यात काही हशील नाही, तेल बाहेरून लागतं, आतून मऊपणा देत नाही.

यंत्रातून काढलेल्या खिम्यापेक्षा सुरीने तोडलेला खिमा या पदार्थात फार वरचढ ठरतो. यंत्रात मांस दाबलं जातं, रस आधीच सुटायला लागतो, कढईत गोळे होतात. मांडीचं मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून जरा घट्ट करा, पातळ पट्ट्या कापा, पट्ट्यांचे मटारच्या दाण्याएवढे तुकडे करा आणि मग जड सुरीने वरून सपासप तोडा. दहा मिनिटांचं काम आहे. तुकडे थोडे लहानमोठे राहिले तर उत्तमच, दाताला काहीतरी लागतं. वेळ नसेल तर विकतचा खिमा घ्या, पण ‘जाड दळलेला’ मागा. आणि फ्रोझन खिमा असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, खाली साचलेलं पाणी ओतून टाका, कागदाने टिपून घ्या. गोठताना बर्फाचे स्फटिक मांसाच्या पेशी फोडतात, म्हणून वितळलेल्या मांसाला ताज्यापेक्षा जास्त पाणी सुटतं. हे एक टिपणं बरेच जण टाळतात आणि नंतर आचेला दोष देतात.

खिमा राखाडी का पडतो? मांसात साधारण ७० टक्के पाणी असतं. थंड किंवा खच्चून भरलेल्या कढईत खिमा पडला की पाणी सुटतं आणि ते उडेपर्यंत कढईच्या तळाचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपासच अडकून राहतं. खमंगपणा आणणारा तपकिरी रंग मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्याने यायला लागतो. म्हणजे पाणी असेपर्यंत तुम्ही खिमा परतत नाही, उकडताय. पाणी उडेस्तोवर थांबलात तर रंग येईल, पण तोवर तुकडे आतून कोरडे झालेले असतात. यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र करावेत.

पहिला, खाण्याचा सोडा. ५०० ग्रॅम खिम्याला पाव चहाचा चमचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून हलक्या हाताने मिसळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. सोड्याने मांसाची आम्लता कमी होते, प्रथिनं शिजताना एकमेकांत तेवढी घट्ट आवळली जात नाहीत, त्यामुळे पाणी आत टिकतं. वर रंगही लवकर येतो. पाव चमच्याच्या पुढे जाऊ नका, नाहीतर साबणासारखी चव येते. बीफ आणि डुकराच्या खिम्याला याचा फायदा जास्त, मांडीच्या चिकनला नाही वापरला तरी चालतं.

दुसरा, त्याच खिम्यात एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोर आणि एक मोठा चमचा सोया सॉस. कॉर्नफ्लोर तुकड्यांवर पातळ थर धरतं, नंतर सॉस त्यालाच चिकटतो. इथे एक सावधगिरी हवी: मिसळायचं, मळायचं नाही. मीठ किंवा सोया सॉस घालून खिमा मळत बसलात तर त्यातली प्रथिनं बाहेर येऊन चिकट होतात आणि सगळा खिमा एकसंध, रबरासारखा उसळणारा गोळा होतो. सॉसेजला तेच हवं असतं, इथे नको.

तिसरा, जागा. घरगुती शेगडीवर ३० सेंटिमीटरच्या कढईत एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त खिमा टाकू नये. ५०० ग्रॅम असेल तर दोन घाणे करा. हॉटेलातल्या वोकखाली, म्हणजे गोल बुडाच्या चिनी कढईखाली, घरच्या शेगडीच्या कितीतरी पट मोठी ज्योत असते, म्हणून तिथला आचारी सगळं एकदम टाकू शकतो. त्याचं बघून आपण तसं करायला जाऊ नये. खरं तर घरी वोकपेक्षा जाड बुडाची पसरट कढई किंवा लोखंडी तवाच बरा, कारण त्याचा जास्त भाग ज्योतीला लागतो आणि तो उष्णता धरून ठेवतो. नॉनस्टिकवर हे काम निभतं, पण तो तव्यासारखा रिकामा तापवता येत नाही, त्यामुळे रंग जरा फिकाच येईल.

पानाकडे वळू, कारण निम्मा पदार्थ तोच आहे. बटर लेट्यूस, ज्याच्या बॉस्टन आणि बिब या जाती मिळतात, हे सगळ्यांत सोयीचं पान. मऊ, लवचीक, वाटीसारखं, घडी घातली तरी मोडत नाही. आइसबर्ग कुरकुरीत, त्यात पाणी सुमारे ९५ टक्के, चव जवळजवळ शून्य. पण कॅन्टोनी सारणाला मला तोच आवडतो. गरम, खारट, दाट सारणाच्या तोंडात गार पाण्याचा फटका बसावा हीच त्याची कामगिरी. रोमेनची आतली लहान पानं होडीसारखी असतात, ओल्या सारणाला किंवा पार्टीत ताटात मांडून ठेवायला चांगली. बाहेरची मोठी पानं घेतलीत तर मधला जाड दांडा सुरीने तिरका तासून घ्या, नाहीतर घडी घालताना पान तिथेच तुटतं. सैल पानांचं, झालरीसारखं लाल-हिरवं लेट्यूस दिसायला सुंदर, पण या सारणाचं वजन त्याला पेलत नाही. ते घेतलंच तर दोन पानं एकावर एक ठेवा.

आइसबर्गची अख्खी पानं सुटत नाहीत ही तक्रार हमखास असते. गड्ड्याचा देठ ओट्यावर जोरात आपटा, देठ सैल होतो, पिळून बाहेर काढा. झालेल्या खळग्यात नळाची धार धरा. पाणी पानांच्या मधे शिरतं आणि ती अख्खी सुटतात. मग कडा कात्रीने गोल कापून वाट्या करा. कापलेले तुकडे फेकू नका, बारीक चिरून सारणाखाली अंथरता येतात.

सुटी पानं बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. मलूल पानाच्या पेशींत पाणी कमी झालेलं असतं, ते आत शिरलं की पान पुन्हा ताठ होतं. यापेक्षा जास्त वेळ नको. त्यानंतरची पायरी खरी महत्त्वाची: पानं पूर्ण कोरडी करा. सॅलड स्पिनर असेल तर फिरवा, नसेल तर स्वच्छ सुती फडक्यावर एकेरी थरात पसरा, वरून दुसरं फडकं घालून हलकेच दाबा. पानावर पाण्याचा थर राहिला की सॉस त्यावरून घसरतो, तोच तुमच्या मनगटापर्यंत येणारा ओघळ. कोरडी पानं फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवलीत तर आदल्या दिवशीही तयार करता येतात. फक्त सफरचंद, पेअर, केळी यांच्या शेजारी ठेवू नका. ही फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने लेट्यूसवर तांबूस ठिपके पडतात.

पानं कच्चीच खायची आहेत, म्हणून ती वाहत्या पाण्याखाली धुवा आणि मांसाच्या आधी हाताळा. ज्या पाटावर खिमा तोडला त्यावर, त्याच सुरीने, पानं कापायची नाहीत. हे सांगायची गरज वाटू नये, पण वाटते.

भाज्यांचं काम कुरकुर देण्याचं. त्यांनी सारणात पाणी सोडलं की केलेलं सगळं वाया. त्यामुळे निवड करताना ‘मला काय आवडतं’ याआधी ‘याला किती पाणी सुटतं’ हा प्रश्न विचारावा. गाजर, सेलरी, बांबूचे कोंब, ढोबळी मिरची, कच्च्या फरसबीचे बारीक तुकडे हे सगळे बरे. झुकिनी, टोमॅटो, पालक यांना इथे जागा नाही. कोबी चालतो, पण अगदी शेवटी, मिनिटभरच. मोड आलेले मूग शिजवूच नका, वरून कच्चे घाला. सगळ्या भाज्या खिम्याच्या तुकड्यांएवढ्याच चिरा. एक तुकडा मोठा राहिला तरी घास घेताना पान तिथून फाटतं. पानं हातात फाटण्यामागे पानाचा दोष थोडा आणि जाडेभरडे चिरण्याचा जास्त असतो.

वॉटर चेस्टनट मिळाले तर नक्की घ्या. हे चिखलात वाढणाऱ्या एका गवतासारख्या वनस्पतीचे कंद असतात, शिंगाडा नव्हे. शिंगाडा हे वेगळ्याच झाडाचं फळ आहे आणि शिजलं की पिठूळ होतं. वॉटर चेस्टनट मात्र डबाबंद असो की परतलेलं, कुरकुरीतच राहतं. त्याच्या पेशींच्या भिंतींत फेरुलिक आम्लाचे जोड असतात आणि ते उष्णतेने सुटत नाहीत, म्हणून इतर भाज्यांसारख्या त्याच्या पेशी एकमेकींपासून विलग होत नाहीत. डब्यातले घेतलेत तर धुऊन, पुसून घ्या, डब्याचा वास जातो. मिळाले नाहीत तर हिकामा हा कुरकुरीत पांढरा कंद, तेही नसेल तर सेलरीचा पांढरा दांडा. कच्चा मुळा चालेल का असं विचारतात. चालेल, पण शिजवू नका, वास सुटतो.

मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, त्यामुळे ताजे मशरूम खिम्यासोबत टाकणं ही मोठी चूक. ते वेगळे, कोरड्या तापलेल्या कढईत, पाणी सुटून आटेपर्यंत परता, मग थोडं तेल. त्याहून चांगलं म्हणजे सुके शिताके. पाच-सहा मशरूम गार पाण्यात काही तास भिजवा, घाई असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास. देठ काढा, घट्ट पिळा, बारीक चिरा. भिजवलेलं पाणी गाळून ठेवा, सॉसमध्ये लागेल.

आणि इथे तुमच्या ‘नुसती खारट-गोड’ या तक्रारीचं उत्तर आहे. सोया सॉस आणि हॉइसिन ओतून मीठ आणि साखर वाढते, खोली वाढत नाही. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. नंतर जपानी संशोधकांनाच दिसलं की मांसातलं इनोसिनेट आणि सुक्या शिताकेतलं ग्वानिलेट यांची ग्लुटामेटशी गाठ पडली की चव बेरजेने नाही तर कितीतरी पटीने वाढते. सोया सॉस, मांस आणि सुके शिताके, तिन्ही या एका कढईत आहेत. म्हणून पाच मशरूम घातल्यावर सोया सॉस कमी पुरतो. दुसरी उणीव असते आंबटाची. तांदळाचा व्हिनेगर एक मोठा चमचा, किंवा वाढताना लिंबू. बहुतेक घरगुती कृतींत आंबट इतकं कमी असतं की तिसऱ्या पानाला कंटाळा येतो.

आता मापं. चार जणांसाठी ५०० ग्रॅम खिमा, वर सांगितल्याप्रमाणे मुरवलेला. एक लहान कांदा, एक गाजर, अर्धी ढोबळी मिरची, वॉटर चेस्टनटचा एक लहान डबा, पाच-सहा सुके शिताके. चार लसूण पाकळ्या, दीड इंच आलं, चार-पाच काड्या पातीचा कांदा, पांढरा भाग वेगळा आणि हिरवा वेगळा. सॉससाठी दोन मोठे चमचे साधा सोया सॉस, एक मोठा चमचा ऑयस्टर सॉस, एक मोठा चमचा हॉइसिन, एक मोठा चमचा तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे शिताकेचं पाणी, अर्धा चहाचा चमचा पांढरी मिरपूड आणि एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोर, सगळं एका वाटीत ढवळून. साखर नको, हॉइसिनमध्ये पुरेशी असते. मीठही नको, शेवटी चाखून बघा. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, चहाचा म्हणजे ५.

गडद सोया सॉस रंगासाठी असतो, तो साध्याच्या जागी दोन चमचे घातलात तर सारण काळंकुट्ट आणि काकवीच्या चवीचं होईल. हवा असेल तर अर्धा चहाचा चमचा. ऑयस्टर सॉसचं श्रेय ग्वांगडोंगमधल्या ली कुम शुंग यांना देतात, साल १८८८. कालवं शिजत ठेवून विसरल्यामुळे तो सापडला अशी कथा आहे. खरी-खोटी कशीही असो, बाटलीवरच्या यादीत कालवांचा अर्क पहिल्या दोन-तीन घटकांत आहे का ते बघून घ्या, फरक चवीत कळतो.

कढई मोठ्या आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळी होऊन नाचला पाहिजे. एक मोठा चमचा तेल, शेंगदाण्याचं किंवा कोणतंही बिनवासाचं. निम्मा खिमा टाका, उलथण्याने पसरून दाबा आणि हात मागे घ्या. दोन मिनिटं ढवळायचं नाही. हे लोकांना जमत नाही. कढईत काही पडलं की हात आपोआप चालायला लागतो. पण खिमा हलवत राहिलात तर कोणताच तुकडा तळाला पुरेसा वेळ टेकत नाही. खालून खरपूस झाला की उलटा, मोडा, आणखी मिनिट-दीड मिनिट, आणि ताटात काढा. आवाजाकडे लक्ष द्या: कडकडीत चरचर हवी. तिची जागा बुडबुड्यांच्या आवाजाने घेतली की पाणी साचलंय. तसं झालंच तर खिमा कडेला सारून ते पाणी वाटीत काढून घ्या, नंतर सॉसमध्ये घाला. दुसरा घाणाही तसाच.

त्याच कढईत थोडं तेल, आच मध्यम, आलं, लसूण आणि पातीचा पांढरा भाग अर्धा मिनिट. लसूण तपकिरी झाला तर कडवट होतो, आणि मोठ्या आचेवर तो बघता बघता होतो. मग कांदा, गाजर, पिळलेले शिताके, आच पुन्हा मोठी, दोन मिनिटं. ढोबळी मिरची आणि वॉटर चेस्टनट, आणखी एक मिनिट. भाज्या अर्ध्या कच्च्याच वाटल्या पाहिजेत, कढईतून उतरल्यावरही त्या शिजत राहतात.

खिमा परत आत टाका. वाटीतला सॉस पुन्हा ढवळा, कारण कॉर्नफ्लोर तळाशी बसलेलं असतं, आणि तो मधोमध न ओतता कढईच्या कडेने सोडा. तापलेल्या कडेवर सॉस क्षणभर करपल्यासारखा होतो आणि जो वास सुटतो तो मधे ओतून कधीच येत नाही. एक उकळी येऊ द्या, कॉर्नफ्लोरचं घट्ट होणं उकळीशिवाय पुरं होत नाही आणि कच्च्या पिठाची चव राहते. अर्ध्या मिनिटात सॉस चकाकायला लागेल. उलथणं तळावरून ओढल्यावर मागे रेघ राहिली आणि तीत रस परत वाहून आला नाही, की झालं. वाहून आला तर अर्धा मिनिट आणखी, पण कॉर्नफ्लोर वाढवू नका, खळीसारखं लागतं.

गॅस बंद करून एक चहाचा चमचा भाजक्या तिळाचं तेल आणि पातीचा हिरवा भाग. हे तेल वासासाठी आहे, त्यात परतलंत तर वास उडून जातो. न भाजलेल्या तिळाचं साधं तेल इथे उपयोगाचं नाही, रंगावरूनच कळतं, भाजक्याचं तेल गडद तांबूस असतं.

शिजलं की नाही याबद्दल: पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात, म्हणून अख्ख्या तुकड्यासारखा खिमा मधे गुलाबी ठेवता येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस चिकनच्या खिम्याला ७४ अंश सेल्सियस आणि डुकराच्या, बीफच्या, मटणाच्या खिम्याला ७१ अंश अशी आहे. वरच्या पद्धतीत सुरीने तोडलेले लहान तुकडे हे तापमान सहज ओलांडतात. सोड्यामुळे मांस जरा जास्त वेळ गुलाबीसर दिसू शकतं, तेव्हा शंका असेल तर रंगावर न जाता थर्मामीटर वापरा.

सारण लगेच पानात भरू नका. पाच मिनिटं ताटात पसरून ठेवा, वाफ जाऊ द्या. कढईतून थेट पानात गेलेलं सारण पान मिनिटात मऊ करतं. मीठही पानातलं पाणी बाहेर ओढतं, त्यामुळे आधी भरून ठेवलेली पानं टिकत नाहीत. सारण मधे, पानं बाजूला, ज्याने त्याने भरून घ्यावीत. एका पानात दोन मोठे चमचे, त्यापेक्षा जास्त नाही. वरून भाजलेले शेंगदाणे किंवा काजू, कोथिंबीर, चिरलेली लाल मिरची. उत्साह असेल तर तांदळाच्या बारीक शेवया १९० ते २०० अंश तापलेल्या तेलात मूठभर टाका. काही सेकंदांत फुलून पांढऱ्या होतात, लगेच काढा. फुलल्या नाहीत आणि कडक राहिल्या तर तेल थंड होतं. या शेवया सारणाखाली घातल्या तर उरलासुरला रसही त्याच शोषून घेतात.

सोबतच्या सॉसबद्दल माझं मत असं की सारण नीट झालं असेल तर त्याची गरज नसते. द्यायचाच तर पातळ आणि आंबट द्या: सोया सॉस, व्हिनेगर, मोहरीची थोडी पेस्ट, तिखट तेल. हॉइसिनवर हॉइसिन नको.

पानातल्या खिम्याची दुसरी घराणीही आहेत. लाओस आणि थायलंडच्या इसान भागातल्या लार्ब या खिम्याच्या पदार्थाला हे सगळे नियम लागू होत नाहीत. तिथे खिमा खरपूस करतच नाहीत, थोड्याशा पाण्यात किंवा सूपमध्ये मोकळा शिजवतात आणि आचेवरून उतरवून त्यात लिंबू, फिश सॉस, सुकी मिरची, छोटे लाल कांदे, पुदिना घालतात. मग रस सांडत नाही का? नाही, कारण त्यात ‘खाओ खुआ’ असतं: चिकट तांदूळ कोरडे, सोनेरी-तपकिरी भाजून केलेली जाडसर पूड. ती रस पिते आणि भाजका वास देते. कॉर्नफ्लोरचं काम तिथे ही पूड करते. ज्यांना सोया-हॉइसिनचा गोडवा नको असतो त्यांनी सरळ लार्ब करावा. कढईत कमी वेळ जातो आणि उन्हाळ्यात तो जास्त बरा लागतो. लिंबू मात्र खिमा जरा निवल्यावरच, गरम असताना पिळलं तर ताजेपणा जातो.

कोरियन स्साममध्ये पानात बहुधा भाजलेल्या मांसाचे काप असतात, खिमा नाही. पण त्याचं स्सामजांग, म्हणजे दोएनजांग या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात गोचुजांग ही मिरचीची पेस्ट, लसूण आणि तिळाचं तेल मिसळून केलेलं वाटण, खिम्याच्या पानालाही उत्तम. ते दाट असतं, ओघळत नाही. आधी पानाला चहाचा अर्धा चमचा लावा, वर सारण. असं करणार असाल तर सारणातला सोया सॉस निम्मा करा.

मांसाऐवजी टोफू घ्यायचा असेल तर घट्ट टोफू एकदा पूर्ण गोठवून, वितळवून, पिळून, हाताने चुरा. गोठल्याने तो स्पंजासारखा होतो, पाणी सहज निघतं आणि खिम्यासारखाच खरपूस होतो. ऑयस्टर सॉसच्या जागी मशरूमचा सॉस. गहू न चालणाऱ्यांसाठी गव्हाविना केलेला तामारी हा जपानी सोया सॉस वापरा, पण हॉइसिन आणि ऑयस्टर सॉसच्या बाटल्याही तपासा, त्यांत गव्हाचं पीठ असू शकतं. पाहुण्यांत कोणाला शेंगदाणे किंवा कालवांची ॲलर्जी आहे का हे आधीच विचारा, कारण सगळे एकाच ताटातून घेतात.

उरलेलं सारण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन ते चार दिवस टिकतं. गरम करताना झाकण ठेवू नका, झाकणाची वाफ परत सारणात पडते. उघड्या कढईत, मोठ्या आचेवर, चमचाभर पाण्याचा शिपका देऊन मिनिट-दोन मिनिटं, पुरतं वाफाळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पानांचा कंटाळा आला असेल तर हेच सारण भातावर किंवा नूडल्समध्ये घाला, तिथे थोडा रस असलेलाच बरा.